छोट्या शर्यतमार्गाची निगा

वाळूजला १९८५ पासून दुचाक्या आणि शेंद्र्याला २००१ पासून मोटारी तयार होऊ लागल्या, तेव्हापासून पूर्वीचे औरंगाबाद व आताचे छत्रपती संभाजीनगर हे शहर वाहनांच्या धंद्याशी असे काही जखडले गेले आहे की, येथल्या एखाद्या घरात दिवाणखान्याच्या फरशीवर विजेच्या छोट्या मोटारी पळवण्याचा छंद आढळला तर त्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. मार्गात पाडलेल्या खाचेच्या आधाराने, आणि खाचेच्या दोन्ही अंगांस बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांतून वीज घेत धावणाऱ्या ह्या मोटारींस सर्वत्र स्लॉट कार म्हणतात. आपल्याकडे हा छंद विरळ आहे, त्याचे सुटे भाग बहुधा परदेशातूनच मागवावे लागतात, आणि म्हणून ज्याच्या घरी असा मार्ग आहे त्याच्यापुढे शर्यत जिंकण्याहून तो मार्ग चालता ठेवण्याचाच प्रश्न अधिक निकडीचा असतो. परदेशी छांदिष्टांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत ह्या कामी जे उपाय सांगितले त्यांतले कोणते शास्त्राच्या कसोटीस उतरतात, आणि कोणते आपल्या हवेत व आपल्या घरांत निरुपयोगी किंवा प्रत्यक्ष अपायकारक ठरतात, याची छाननी येथे करावयाची आहे. आमचा कौल आरंभीच सांगून टाकतो: मार्ग मळतो तो मुख्यत्वे गाडीमुळे आणि खोलीमुळे, आणि जो मनुष्य ह्या दोहोंस मोकळे सोडून केवळ मार्गच घासत बसतो तो आपल्याच हाताने त्या मार्गाचे आयुष्य कमी करतो.

खेळाची वंशावळ थोडक्यात अशी. लायनेल ह्या अमेरिकन कंपनीने १९१२ मध्येच विजेच्या शर्यती मोटारी विकावयास काढल्या होत्या. त्या चरात बसवलेल्या रुळातून वीज घेत, म्हणजे मोटारीपेक्षा त्यांचे नाते आगगाडीशीच जवळचे होते. आजचे रूप इंग्लंडात घडले. फ्रेड फ्रान्सिस यांच्या मिनीमॉडेल्स कंपनीने १९५२ मध्ये स्केलेक्स नावाच्या किल्लीच्या मोटारी बाजारात आणल्या, आणि त्यांचा खप उतरणीस लागला तेव्हा त्यांतच विजेचे यंत्र बसवून व खाचेचा मार्ग जोडून जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात स्केलेक्सट्रिक ह्या नावाने ती चीज लोकांपुढे ठेवली. मागणी अशी लोटली की पुढच्याच वर्षी कंपनी लाइन्स ब्रदर्स ह्या बड्या पेढीच्या स्वाधीन झाली. त्यापाठोपाठ अमेरिकेत १९६० मध्ये ऑरोराचे अधिकच लहान संच आणि जर्मनीत १९६३ मध्ये फ्यूर्टच्या नॉयहिएर्ल यांची कॅरेरा ही मंडळी ह्या धंद्यात उतरली. स्केलेक्सट्रिकचे आरंभीचे मार्ग रबराचे होते, प्लास्टिकचे पुढे आले, आणि हौशी लोक आपापल्या घरी लाकडात खाच कोरून मार्ग करीतच होते. हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन इतकेच की निगेचा जो उपदेश आज एकगठ्ठा हाती येतो तो निरनिराळ्या पिढ्यांनी निरनिराळ्या द्रव्यांस उद्देशून केलेला आहे, आणि एका द्रव्याची चिकित्सा दुसऱ्यास लागू केल्यानेच पुष्कळसे मार्ग बिघडले आहेत.

आज प्रचारात असलेले मार्ग तीन जातींचे आहेत. पहिली जात प्लास्टिकच्या तुकड्यांची. त्यांत पोलादी पट्ट्या बसवलेल्या असतात, कारण गाडीच्या पोटातील लोहचुंबकाने ती मार्गास धरून ठेवावयाची तर पट्टी लोहजातीचीच हवी. कॅरेराच्या पट्ट्या न गंजणाऱ्या पोलादाच्या असतात; इतर अनेक संचांत साध्या पोलादावर पातळ मुलामा असतो. दुसरी जात एमडीएफच्या फळीत सुमारे तीन मिलिमीटर रुंदीची खाच कोरून तिच्या दोन्ही काठांस तांब्याची चिकटपट्टी लावण्याची. ह्या पट्टीची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते, ही गोष्ट पुढे कामास येईल. तिसऱ्या जातीत चिकटपट्टीऐवजी कल्हई केलेल्या तांब्याच्या बारीक तारा विणून केलेला चपटा पट्टा, ज्यास ब्रेड म्हणतात, तो बसवतात. गाडीच्या बाजूने मात्र व्यवस्था तिन्ही ठिकाणी एकच. पुढच्या भागात खाचेत उतरणारा एक पाता असतो, त्याच्या दोन्ही अंगांस ब्रेडचेच दोन लहान तुकडे असतात, आणि ते पट्ट्यांवरून घसटत जाऊन वीज उचलतात.

ह्या घसटण्यातच निगेचे सारे मर्म आहे. डोळ्यांस सपाट दिसणारे धातूचे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात काही थोड्या सूक्ष्म उंचवट्यांवरच एकमेकांस भिडतात, आणि गाडीचे वजन किरकोळ असल्याने त्या भिडण्यातला दाबही अगदी अल्प असतो. धुळीचा कण, तेलाचा थर किंवा गंजाची पापडी मधे आली की संबंध तुटतो, तुटताना ठिणगी उडते, ठिणगीने तेल जळून काजळी होते, आणि ती काजळी पुढल्या फेरीस आणखी अडथळा करते. पण हेच घसटणे पट्टीस अखंड पुसूनही काढीत असते. म्हणून रोज अर्धा तास चालणारा मार्ग महिनोन्महिने तक्रार करीत नाही, आणि दिवाळीपासून उन्हाळी सुटीपर्यंत बंद पडून राहिलेला मार्ग पहिल्याच दिवशी रुसतो.

येथे पुण्याच्या कोथरुडमधील जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयाची आठवण होणे अपरिहार्य आहे. कारण रुळांतून वीज घेऊन चालणाऱ्या छोट्या वाहनांचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक सार्वजनिक उदाहरण तेच होय. भाऊ जोशी ह्यांनी आयुष्यभराच्या हौसेने उभारलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले, आणि तिथे एका संपूर्ण छोट्या नगरामधून आगगाड्या धावताना पाहावयास मिळतात. आगगाडीचे आणि स्लॉट कारचे दुखणे एकाच कुळातले असले तरी त्यांत एक भेद आहे, आणि तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आगगाडीचे चाक रुळावरून लोळते, घसटत नाही. म्हणून ते मळ दाबून बसवते आणि स्वतःच्या कडेवरही चढवते. स्लॉट कारचा ब्रेड झाडूसारखा मळ पुढे लोटतो. सबब रेल्वेच्या छांदिष्टांनी रूळ घासण्याची जी कडक शिस्त घालून दिली ती जशीच्या तशी उचलणे स्लॉट कारवाल्यास आवश्यक नाही, आणि बऱ्याच वेळा ती त्यास महागात पडते.

आता उपायांकडे वळू. ह्या बाबतीत चार पंथ आहेत असे म्हणता येईल, आणि प्रत्येक पंथाचे अनुयायी इतरांस अज्ञानी समजतात.

पहिला पंथ घासणाऱ्यांचा. ह्यांची हत्यारे म्हणजे खरखरीत रबराचा ठोकळा, बारीक पॉलिशकागद आणि भांडी घासण्याची हिरवी घासणी. गंजलेल्या पोलादी पट्टीवर ह्यावाचून गत्यंतर नाही हे मान्य केले पाहिजे. परंतु गंज नसताना घासणे म्हणजे मुलामा उतरवून उद्याच्या गंजास आमंत्रण देणे होय, आणि पट्टीवर उमटलेल्या ओरखड्यांत काजळी पक्की घर करून बसते ती निराळीच. तारेच्या घासणीस तर ह्या घरात प्रवेशच असू नये. तिचे तुटलेले बारीक तंतू गाडीच्या चुंबकास चिकटून यंत्रात शिरतात आणि दोन पट्ट्यांमध्ये आडवे पडून शॉर्ट करतात. आपल्याकडचा आणखी एक मोह म्हणजे तांब्याच्या पट्टीस देवपूजेच्या भांड्यांप्रमाणे चिंच किंवा पितांबरी लावण्याचा. तांब्या-पळीस जे चालते ते कागदासारख्या पातळ पट्टीस चालत नाही. चिंचेचे अम्ल आणि मीठ पट्टीच्या कडेखाली शिरून राहते, भुकटी खाचेत भरते, आणि आठ दिवसांत पट्टी पहिल्याहून काळी होते. तांब्यावर फक्त तपकिरी छटा आली असेल तर शाळकरी मुलांचा साधा खोडरबर हलक्या हाताने फिरवून चुरा ओढून घ्यावा. त्याहून कठोर उपायाची गरज फार क्वचित लागते.

दुसरा पंथ द्रवाने पुसणाऱ्यांचा, आणि आमचा ओढा ह्याच बाजूस आहे. औषधांच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल तेलकट थर काढते, झटकन उडून जाते आणि प्लास्टिकवर त्याचा सहसा दुष्परिणाम होत नाही. अलीकडे रेल्वेच्या छांदिष्टांत असा एक विचार बळावला आहे की अल्कोहोलासारख्या ध्रुवीय द्रवापेक्षा खनिज तेलाच्या जातीचा अध्रुवीय द्रव रुळास बरा, कारण त्यामागे सूक्ष्म ठिणग्यांनी होणारी काजळी कमी राहते. हा तर्क रेल्वेपुरता विचारात घेण्याजोगा असला तरी आपल्याकडे त्याचा अर्थ कोणी रॉकेल असा करील, आणि रॉकेलाचा जो स्निग्ध अंश मागे उरतो तो टायरांस लागून गाडी प्रत्येक वळणावर बाहेर फेकली जाईल. पेट्रोल, थिनर आणि नखांचा रंग काढण्याचे ॲसिटोन ही तिन्ही वर्ज्य समजावीत. ॲसिटोनने प्लास्टिक पाहता पाहता विरघळते. करोनाच्या साथीपासून घराघरांत उरलेले हात निर्जंतुक करण्याचे द्रवही नको, कारण हातांची आग होऊ नये म्हणून त्यात घातलेले ग्लिसरीन पट्टीवर चिकट साय धरते. वीज बंद करून, फडके ओलसर करून, पण द्रव मार्गावर न ओतता पुसणे हा दंडक पाळला म्हणजे झाले. फडके काळे निघाले म्हणून मात्र घाबरून पुनःपुन्हा पुसू नये. स्वच्छ धातू घासला तरी फडके काळे होतेच, आणि ह्या एका गैरसमजापायी जितक्या पट्ट्या झिजल्या तितक्या मळाने खात्रीने झिजल्या नसतील.

तिसरा पंथ लेपन करणाऱ्यांचा: कोणी पट्टीवर पातळ तेलाचा हात फिरवतात, कोणी मऊ पेन्सिलीचे ग्राफाइट घासतात. गंज रोखण्यास तेल उपयोगी आहे यात शंका नाही, आणि बांधून ठेवावयाच्या पोलादी मार्गास ते लावावेही; पण खेळापूर्वी ते पुसून न काढल्यास गाडी घसरते व धूळ बसते. ग्राफाइटाचे तसेच. विजेस ते वाट देते, टायरास देत नाही. व्यापारी शर्यतमार्गांवर टायरांची पकड वाढवण्यासाठी मुद्दाम चिकट द्रव लावण्याची जी रीत आहे तिचा घरगुती मार्गाशी संबंध नाही, आणि तिचे अनुकरण करणाऱ्याने आपली धूळ आपणच विकत घेतली असे समजावे.

चौथा पंथ काहीही न लावता फक्त ओढून घेणाऱ्यांचा, म्हणजे मऊ ब्रश लावलेला व्हॅक्यूम क्लीनर फिरवून स्वस्थ बसणाऱ्यांचा. आळशी म्हणून ह्यांची टवाळी होते, परंतु मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर निम्मे शहाणपण ह्यांच्याच पदरी आहे.

त्याचे कारण येथली माती, हा मार्गाचा पहिला शत्रू. ज्या काळ्या कापसाच्या जमिनीवर हा प्रदेश वसला आहे ती दख्खनच्या बेसाल्टापासून झालेली, पाण्याने फुगणारी चिकण माती. कोरडी असताना ती पिठासारखी उडते आणि ओली झाली की गोंदासारखी धरते. तेव्हा इंग्रजी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ओले फडके घेऊन धुळीवर आरंभ केला तर धुळीचा लगदा होऊन तो खाचेत उतरतो, वाळून कठीण होतो, आणि गाडीचा पाता त्यावर अडखळतो. मग खाच कोरून काढताना काठ तुटतात. आधी ओढून घेणे, मग खाचेतून कोरडा ब्रश फिरवणे, आणि शेवटी गरज असल्यासच द्रवाचे फडके, हा क्रम येथे बदलता येत नाही. ह्या शहरास सतराव्या शतकात मलिक अंबराने नहरींनी पाणी पुरवले, आणि कोणत्याही बंदिस्त पाटाचा अनुभव असा की गाळ आत शिरल्यावर उपसण्यापेक्षा तो मुखाशीच अडवणे स्वस्त पडते. खाचेचे गणित ह्याहून वेगळे नाही. मार्ग फरशीवर न मांडता मेजावर मांडावा, खोली झाडताना तो झाकावा, आणि झाकण्यास सुती चादर न घेता नायलॉनची जुनी साडी घ्यावी. सुती कापडाचे तंतू गळून गाडीच्या आसास गुंडाळतात, आणि आस अडला की यंत्र तापते.

दुसरा शत्रू स्वयंपाकघर. फोडणीची वाफ, उदबत्तीचा व धुपाचा धूर यांचा जो अदृश्य राळट थर घरातल्या पंख्याच्या पात्यांवर बसतो तोच पट्टीवरही बसतो; पंखा आपण वर्षातून दोनदा पुसतो म्हणून तो दिसतो इतकेच. दिवाळीत फटाक्यांच्या धुरातली गंधकाची संयुगे तांब्यास काळवंडवतात, तेव्हा त्या चार दिवसांत खोलीची खिडकी लावून घेणे हा सर्वांत सोपा उपाय.

आणि तिसरा शत्रू कूलर, ज्याचा उल्लेख परदेशी ग्रंथांत सापडण्याची फारशी अपेक्षा करता येत नाही. पोलाद पावसाळ्यात गंजते असा सर्वसाधारण समज आहे. परंतु येथे एप्रिल-मेमध्ये बाहेरची हवा ठणठणीत कोरडी असताना घराघरांत कूलर चालू असतो, तो खोलीतली हवा ओलीचिंब करतो, विंधनविहिरीचे जड पाणी भरले असेल तर क्षारांचे सूक्ष्म तुषारही फेकतो, आणि बाहेरची धूळ आत ओढतो. उन्हाळी सुटीत मुले घरी, मार्ग मांडलेला आणि कूलरचा झोत नेमका त्यावर, अशा घरात जूनच्या पहिल्या सरीपूर्वीच पट्ट्यांवर तांबूस ठिपके दिसतात. कूलरच्या खोलीत मार्ग मांडू नये, आणि मांडावाच लागला तर झोताच्या वाटेत मांडू नये.

उष्णतेचा आणखी एक परिणाम मळाशी संबंध नसूनही मळाच्या नावावर खपतो. जानेवारीच्या सकाळी आणि मेच्या दुपारी खोलीच्या तपमानात वीस अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्या फरकाने पाच मीटर लांबीचे प्लास्टिक सुमारे सात मिलिमीटर वाढते, आणि त्यात बसवलेली पोलादी पट्टी जेमतेम सव्वा मिलिमीटर. ही तफावत भरून निघते ती तुकड्यांच्या सांध्यांत, म्हणून सांधे सैल होतात. एका सांध्याचा विरोध दशांश ओहम धरला आणि वीज घेण्याच्या जागेपासून पलीकडच्या टोकापर्यंत बारा सांधे असले, तर जाण्याच्या व येण्याच्या पट्ट्या मिळून अडीच ओहमाच्या घरात विरोध होतो. अर्धा ॲम्पियर घेणाऱ्या गाडीस बारापैकी सव्वा व्होल्ट वाटेतच गमवावा लागतो. मार्ग वर्तुळाकार असल्याने वीज दोन्ही बाजूंनी पोहोचते व तोटा निम्म्यावर येतो खरा, पण त्यामुळेच एखादा सांधा पूर्ण निकामी झाला तरी गाडी चालत राहते आणि दोष उघडकीस येत नाही. गाडी पलीकडच्या वळणावर मंदावते, मालक पट्टी घासतो, गुण येत नाही, अधिक घासतो. अशा वेळी मल्टिमीटर घेऊन दर दोन-तीन तुकड्यांस व्होल्ट मोजावेत, जिथे एकदम उतार दिसेल तिथला सांधा चिमट्याने दाबून घट्ट करावा, आणि मार्ग मोठा असल्यास पलीकडच्या अंगास तारेने स्वतंत्र वीज पोहोचवण्याची तजवीज करावी. लाकडी मार्गास हा सांध्यांचा जाच नसतो; त्याचे दुखणे ओल. एमडीएफच्या कोरलेल्या कडा रंगाने बंद केल्या नाहीत तर पावसाळ्यात त्या फुगून खाच अरुंद होते, आणि फळीची फक्त वरची बाजू रंगवली तर खालून ओल पिऊन फळी वाकते.

शिल्लक राहिली ती गाडी, आणि खरा जमाखर्च इथेच आहे. आसाच्या बुशांत आणि दात्यांच्या चाकांत घातलेले जास्तीचे तेल टायरांवर उडते, टायर ते पट्टीवर लावतात. म्हणून तेल सुईच्या अग्रावर मावेल इतकेच द्यावे आणि उरलेले टिपून घ्यावे. टायरांची धूळ रंगकामाची चिकटपट्टी उलटी मांडून तिच्यावर चाके फिरवून काढावी, प्रत्येक डावापूर्वी. पोटातील चुंबकावर पोलादी पट्ट्यांचा झिजलेला किस आणि घरातले इतर लोहकण जमतात. कारखान्यातून आलेल्या मनुष्याने त्याच कपड्यांत मार्गाशी बसू नये ही सूचना वाळूज-चिकलठाण्याच्या वस्तीत विनोदाने घेण्यासारखी नाही. ब्रेडचे तुकडे काळे, ताठ किंवा विसकटलेले दिसले की ते अल्कोहोलात धुऊन, फणीने विंचरल्यासारखे सरळ करून किंचित खाली वाकवावेत. जळून ठिसूळ झाले असतील तर बदलावेत. एका मार्गावर चार गाड्या धावत असतील आणि त्यांतली एकच अडखळत असेल, तर दोष मार्गाचा नव्हे एवढे अनुमान कोणासही करता यावे, परंतु आश्चर्य असे की अशा वेळीही हात फडक्याकडेच जातो.

२००४ मध्ये स्केलेक्सट्रिकने जी डिजिटल पद्धत आणली तिच्यात एकाच खाचेतून अनेक गाड्या धावतात व प्रत्येकीस आज्ञा पट्ट्यांतूनच विजेबरोबर जातात. तिथे क्षणभराचा तुटलेला संबंधही आज्ञा हरवण्यास पुरतो, म्हणून सांधे आणि ब्रेड यांचा बंदोबस्त दुप्पट कडक हवा. पुसण्याच्या रीतीत त्याने फरक पडत नाही.

मार्ग उकलून ठेवावयाचा झाल्यास तो पूर्ण कोरडा करून, पोलादी पट्ट्यांवर तेलाचा नुसता हात फिरवून, सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटीत भरावा आणि पेटी बाहेरच्या भिंतीस टेकवून ठेवू नये. लोकरीचे कपडे असलेल्या ट्रंकेत तो कदापि घालू नये; डांबरगोळ्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीनसारखे प्लास्टिक मऊ पडते, गाड्यांच्या काया एकमेकींस चिकटतात, आणि हे नुकसान कोणत्याही फडक्याने भरून निघत नाही. पावसाळा सरल्यावर, नवरात्राच्या सुमारास, पेटी उघडून तेल पुसावे, सांधे दाबून पाहावेत, जुना ब्रेड लावलेली एखादी टाकाऊ गाडी मंद गतीने वीस-पंचवीस फेऱ्या फिरवावी, आणि मगच चांगल्या गाड्या बाहेर काढाव्यात.